निपाणीच्या नमुन्यांतला मेथिलेशनचा फरक खरा की वाटेत झालेला?

वेणुग्राम_पीबीएमसी
नमस्कार. बेळगावला विद्यापीठाच्या इम्युनॉलॉजी-एपिजेनेटिक्स लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट आहे. निपाणी भागातल्या बिडी वळणाऱ्या बायका आणि बेळगाव शहरातल्या त्याच वयोगटातल्या बायका, अशी तुलना चालू आहे. रक्तातून पीबीएमसी (लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी) वेगळ्या करून डीएनए मेथिलेशन (डीएनएवर बसलेल्या मेथिल खुणा) बघायचं आणि उरलेल्या पेशी टी-सेलच्या चाचण्यांसाठी गोठवायच्या.

सध्याची पद्धत अशी: जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये माणशी ८ मिली. निपाणीत सकाळी ८ ते १० रक्त काढून होतं. ट्यूब आइस पॅक घातलेल्या व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये जातात. कॅम्प आटोपून गाडी दुपारी ४ ला निघते, लॅबमध्ये पोचायला ६ वाजतात. रात्रभर ट्यूब ४ अंशांवर आणि फिकॉल (ठरावीक घनतेच्या द्रवावर रक्त फिरवून पेशी वेगळ्या करणं) दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला. शहरातल्या नमुन्यांचं फिकॉल २ तासांच्या आत होतं.

निपाणीचे आकडे: दर मिली रक्तामागे ४ लाख पेशी, व्हायबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) ७८ ते ८० टक्के. शहराचे: दर मिली १३ लाख, ९५ टक्के. निपाणीच्या ट्यूबमध्ये पांढरा थर पुसट दिसतो आणि पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) लालसर येतो. पहिले २४ डीएनए एपिक ॲरेवर (लाखो जागांचं मेथिलेशन एकदम मोजणारी चिप) चालवले, ३ चिप. निपाणीचे १६ दोन चिपवर, शहराचे ८ तिसऱ्या चिपवर. विश्लेषणात हजारो जागांवर फरक येतोय. एवढा फरक बिडीच्या कामाचा असू शकतो का? आणि फिकॉलमध्ये काय बदलावं?

चिकोडी_सेंट्रिफ्यूज
आधी फिकॉल. रक्त काढल्यापासून फिकॉलपर्यंत २४ ते २६ तास जातात आणि तो सगळा वेळ थंडीत जातो. थंडीत आणि वेळ गेल्यावर न्यूट्रोफिल (पीबीएमसीत न मोडणाऱ्या पांढऱ्या पेशी) उत्तेजित होतात, त्यांची घनता कमी होते. एरवी त्या १.०७७ घनतेच्या फिकॉलमधून खाली, लाल पेशींबरोबर जायला हव्यात. हलक्या झाल्या की पांढऱ्या थरातच अडकतात. म्हणजे तुम्ही पीबीएमसी म्हणून जे उचलता त्यात न्यूट्रोफिलची भेसळ असणार. लालसर पेलेट आणि कमी उतारा हे त्याच गोष्टीचं दुसरं टोक.

आइस पॅक काढून टाका. पीबीएमसीसाठी रक्त १८ ते २२ अंशांवर यायला हवं. जेल पॅक रात्री एसी खोलीत २० अंशांवर ठेवून सकाळी थर्मोकोलच्या पेटीत चारी बाजूंनी लावा. एप्रिल-मे मध्ये चिकोडी-अथणीकडून येणाऱ्या गाडीत उन्हाने पेटी तापते, तेव्हा गोठलेला पॅक नको आणि रिकामी पेटीही नको. आत एक डेटा लॉगर टाका. ट्यूब उभ्या ठेवा, रक्त काढल्यावर ८ ते १० वेळा हलकेच उलटसुलट करा, झटका देऊ नका. झटक्याने लाल पेशी फुटतात, हलवलंच नाही तर बारीक गुठळी होते.

गाडी ४ पर्यंत थांबवू नका. पहिली खेप १० वाजता पाठवा. महामार्गाने दीड-दोन तासांत बेळगाव, म्हणजे १ वाजता फिकॉल सुरू. ८ तासांच्या आत संपवायचं. पावसाळ्यात खानापूरकडचे कॅम्प असतील तर घाटातल्या रस्त्यासाठी एक तास जास्तीचा धरा.

फिकॉल असं करा. फिकॉल आणि पीबीएस (मिठाचं बफर द्रावण) दोन्ही तासभर आधी बाहेर काढून २० अंशांवर आणा. पीबीएस कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेलं, त्यात २ टक्के एफबीएस (वासराचं सीरम) आणि २ मिलीमोलर ईडीटीए. ८ मिली रक्तात ८ मिली पीबीएस. १५ मिलीच्या दोन ट्यूबमध्ये ४-४ मिली फिकॉल, वर ८-८ मिली पातळ केलेलं रक्त. ट्यूब तिरपी धरा, पिपेटचं टोक काचेला टेकवून थेंब थेंब सोडा, मधली रेघ धारदार दिसली पाहिजे. ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोर), ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक शून्यावर. ब्रेक चालू राहिला तर थांबताना भोवरा होऊन थर मिसळतो.

इथे बऱ्याच जणांचं चुकतं: ४०० जी म्हणजे ४०० आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे, आणि दुसऱ्या लॅबचा आरपीएमही नव्हे. रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये मोजा. जी = ०.००००१११८ × त्रिज्या × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १६ सेमी असेल तर सुमारे १५०० आरपीएम येतात. त्रिज्या १० सेमीच्या छोट्या मशीनवर तेच १५०० म्हणजे जेमतेम २५० जी, आणि लाल पेशी नीट खाली बसत नाहीत. स्विंग बकेटच वापरा.

खोलीचं तापमानही बघा. फिकॉल गार असेल तर त्याची घनता वाढते आणि लाल पेशी वर राहतात. उन्हाळ्यात एसी बंद असेल तर उलटं होतं, घनता उतरते आणि तुमच्या लिम्फोसाइट फिकॉलमध्ये बुडतात.

थर काढल्यावर भरपूर पीबीएस घालून ३०० जीला १० मिनिटं, मग २०० जीला १० मिनिटं. दुसऱ्या, हळू फेरीत प्लेटलेट वर राहतात. लाल रंग उरलाच तर अमोनियम क्लोराइडचा लायसिस बफर ५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. काउंट घेताना ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) बरोबर एकदा तुर्क द्रावणातही बघा. ३ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं त्यात, लाल पेशी विरघळतात आणि केंद्रक ठळक दिसतं. गोल केंद्रकाची लिम्फोसाइट, वाटाण्याच्या शेंगेसारखं वळलेलं मोनोसाइटचं, आणि तीन-चार मण्यांची माळ दिसली की न्यूट्रोफिल. शंभर पेशींत किती माळा मोजल्या ते लिहून ठेवा. हा आकडा पुढे लागेल.

बीटा_व्हॅल्यू
चिकोडीकरांनी सांगितलेल्या भेसळीचा हिशोब करून दाखवते. समजा एखाद्या जागी लिम्फोसाइटमध्ये मेथिलेशन १० टक्के आणि न्यूट्रोफिलमध्ये ८० टक्के आहे. थरात १५ टक्के न्यूट्रोफिल घुसल्या तर मोजमाप येईल ०.८५ × १० अधिक ०.१५ × ८०, म्हणजे २०.५. साडेदहा अंकांचा फरक, आणि एकाही पेशीत काही बदललेलं नाही! कामाच्या वा धुराच्या परिणामाने येणारे फरक बहुतेक जागी २-५ अंकांचे असतात. पेशींचा प्रकार बदलला की हजारो जागा एकदम हलतात, म्हणून ‘हजारो’ हा आकडाच आधी संशयाने बघावा.

दुसरं जास्त गंभीर. निपाणी दोन चिपवर, शहर तिसऱ्यावर. एपिकच्या एका चिपवर ८ नमुने बसतात आणि प्रत्येक चिपचा, ओळीचा स्वतःचा थोडा ढंग असतो. गाव आणि चिप एकच झाले की कॉम्बॅट किंवा दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर त्यांना वेगळं करू शकत नाही. वेगळं करायला माहितीच शिल्लक नसते. पुढच्या प्रत्येक चिपवर निपाणी ४, शहर ४, जागा चिठ्ठ्या टाकून, आणि एकच ओळखीचा डीएनए प्रत्येक बॅचमध्ये पुन्हा चालवा.

ॲरे वाया गेले असं मात्र नाही. ॲरेच्या त्याच कच्च्या आयडॅट फाइलमधून पेशींचं प्रमाण काढता येतं: सीडी४, सीडी८, एनके, बी, मोनोसाइट, न्यूट्रोफिल. २०१२ मध्ये हाउसमन यांनी मांडलेल्या पद्धतीवर ते आधारलेलं आहे. नीट काढलेल्या पीबीएमसीत न्यूट्रोफिल शून्याच्या जवळपास यायला हवं. तुमचे २४ आकडे काढा आणि रक्त काढल्यापासून फिकॉलपर्यंतच्या तासांशी लावून बघा. सरळ रेघ आली तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

बायसल्फाइटही (ॲरेआधी डीएनएवर होणारी रासायनिक क्रिया) तपासा. ५०० नॅनोग्रॅम डीएनए क्यूबिटवर मोजून घ्या, नॅनोड्रॉपवर नको, आरएनए उरलं असेल तर तो फुगवून सांगतो. बायसल्फाइट मेथिल नसलेल्या सायटोसिनचं युरॅसिल करतं, पीसीआरनंतर ते टी म्हणून वाचलं जातं. रूपांतर अपुरं राहिलं तर सगळीकडे खोटं मेथिलेशन दिसतं, म्हणून रूपांतराचे कंट्रोल प्रोब आधी बघायचे. एखादी जागा पायरोसिक्वेन्सिंगने (मोजक्या जागांचं मेथिलेशन मोजणारी पद्धत) पडताळणार असाल तर पीसीआरला साधं हॉट-स्टार्ट टॅक वापरा. प्रूफरीडिंग एन्झाइम युरॅसिलपाशी अडकतात.

वेणुग्राम_पीबीएमसी
दोघांचेही आभार. न्यूट्रोफिलचा अंदाज काढला: शहरात ० ते २ टक्के, निपाणीत ९ ते २१. तासांशी जुळतोय. मग पीबीएमसी सोडून सरळ पूर्ण रक्ताचाच डीएनए घेतला तर? आणि गोठवलेल्या व्हायलमधून न्यूट्रोफिल मोजून जुनी भेसळ सुधारता येईल का?

चिकोडी_सेंट्रिफ्यूज
व्हायलमधून नाही. न्यूट्रोफिल गोठण-वितळण सोसत नाहीत, बहुतेक मरतात. वितळवल्यावर चिकट धाग्यासारख्या गाठी दिसल्या तर तो त्यांचाच डीएनए. तेव्हा व्हायलमधला काउंट भेसळ कमी दाखवेल. टी-सेलच्या चाचणीलाही ते नमुने घेऊ नका, उत्तेजित न्यूट्रोफिल टी-सेलचं विभाजन दाबतात.

पुढचे नमुने गोठवताना ९० टक्के एफबीएस, १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रव्य), मिलीला ५० लाख ते १ कोटी पेशी. डीएमएसओ घातल्यावर १० मिनिटांत व्हायल फ्रीझरमध्ये गेली पाहिजे. आयसोप्रोपॅनॉलची पेटी मिनिटाला १ अंशाने उतरवते, त्यातलं आयसोप्रोपॅनॉल ५ वापरांनंतर बदला, पाणी शोषून ते बिघडतं. उणे ८० वर एक-दोन दिवस, मग लिक्विड नायट्रोजन. पावसाळ्यात वीज गेल्यावर उणे ८० चं दार उघडून बघायचा मोह टाळा. आणि व्हायलवर मार्करने लिहू नका, आयसोप्रोपॅनॉल लागलं की अक्षर जातं.

बीटा_व्हॅल्यू
पूर्ण रक्त चालेल, उलट मेथिलेशनपुरतं तेच घ्या. प्रत्येक ट्यूबमधून फिकॉलआधी ५०० मायक्रोलिटर काढून उणे ८० ला टाका. पूर्ण रक्तात न्यूट्रोफिल निम्म्याहून जास्त असतात, पण ते प्रमाण त्या बाईच्या शरीरातलं असतं, वाटेतलं नसतं. त्याच ट्यूबचा सीबीसी डिफरन्शियल (पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी) करून घ्या, ॲरेवरून आलेला अंदाज त्याच्याशी ताडता येतो. शहराच्या गटाचंही नेमकं तसंच.

टी-रेगसाठी (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-सेल) फॉक्सपी३ जनुकाची जागा बघणार असाल तर एक ध्यानात ठेवा: ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बायकांत दोनपैकी एक एक्स बंद असतं आणि तिथे मेथिलेशन राहतं, म्हणून मेथिल नसलेल्या प्रतींचा आकडा दुप्पट करावा लागतो.

अक्कोळ_वाट
फील्डवर जाणाऱ्या माणसांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वरचं सगळं बरोबर आहे, पण रक्त काढणारी सिस्टर आणि ड्रायव्हर यांच्या हातात वेळेची नोंद नसेल तर तासांची ती रेघ कशावर काढणार? प्रत्येक ट्यूबमागे एकच ओळ: रक्त काढल्याची वेळ, पेटीत टाकल्याची वेळ, लॅबला पोचल्याची वेळ, फिकॉलची वेळ, फिकॉल कुणी केलं त्याची आद्याक्षरं. दोन जण फिकॉल करत असतील तर दोघांनी दोन्ही गावांचे नमुने घ्यायचे, एकाने निपाणी आणि दुसऱ्याने शहर असं नाही. रक्त काढायची वेळही दोन्हीकडे एकच ठेवा, लिम्फोसाइटचं प्रमाण दिवसभरात बदलतं.

तंबाखूचा प्रश्न एकाच चौकटीत विचारू नका. “तंबाखू खाता का?” म्हटलं की मावशी “नाही” म्हणतात आणि त्या खरंच सांगत असतात, कारण मशेरी त्यांच्या लेखी तंबाखूत येत नाही. पाच प्रश्न वेगळे विचारा: बिडी-सिगारेट ओढता का, मशेरी लावता का, पानात तंबाखू घालता का, वखारीत काम केलंय का, घरात कोण ओढतं. एएचआरआर जनुकातली सीजी०५५७५९२१ या जागेचं मेथिलेशन धूर ओढणाऱ्यांत ठळक उतरतं, ती बघा. नवऱ्याच्या बिडीचा धूर आणि वळण्याचं काम यांत तुमच्या गटात गल्लत होण्याची शक्यता मोठी आहे.

कोटिनिनसाठी (शरीरात निकोटिनपासून बनणारा पदार्थ) प्लाझ्मा ठेवा, पण फिकॉलनंतर वरचा पिवळा थर उचलाल तर तो पीबीएसने पातळ झालेला असतो. आधी रक्तच हलकं फिरवून ५०० मायक्रोलिटर शुद्ध प्लाझ्मा काढा, तेवढंच पीबीएस परत घाला, मग पुढे. तंबाखूची ओली पानं हाताळणाऱ्यांत निकोटिन कातडीतूनही शिरतं, म्हणून कोटिनिन दिसलं म्हणजे ती बाई ओढते असा अर्थ होत नाही.

बिडीची मजुरी दर हजार बिड्यांमागे मिळते. सकाळचा तासभर रांगेत गेला की तेवढ्या बिड्या कमी होतात. गावात ७ ला पोचा, दहा-दहा जणींना वेळ देऊन बोलवा. त्याने खेपही लवकर निघेल. संमतिपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत हवं आणि वाचून दाखवणारा माणूस दोन्ही बोलणारा हवा, एकाच गल्लीत दोन्ही घरं असतात. ८ मिली म्हणजे चहाचे दीड चमचे, असं सांगा, चमचा दाखवा. ‘जनुकीय तपासणी’ एवढंच म्हटलं तर मुलीच्या लग्नाला अडचण येईल का, हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर संमतिपत्रातच लिहा: निकालावर नाव नसेल, फक्त नंबर असेल, आणि या तपासणीतून आनुवंशिक आजार सांगितला जाणार नाही.

गावांची नावं शीटमध्ये हाताने टाइप करू देऊ नका. २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी झालं, जुन्या फॉर्मवर बेळगाव, कुणी बेलगाम लिहितं. निपाणीचं निप्पाणी होतं. दोन शीट जोडताना तेवढ्या ओळी गुपचूप गळतात. निपाणीला १, बेळगावला २, असे कोड द्या आणि बारकोडचं लेबल रक्त काढायच्या आधी, त्या बाईसमोर ट्यूबला लावा.