मदत हवी आहे: संघटनेच्या बँक खात्यावरच्या सह्या बदलून मिळत नाहीत

आरमारी: आमची निवृत्त सेनाधिकाऱ्यांची संघटना आहे. नवी कार्यकारिणी आली, मी सचिव. बँक म्हणते नुसता ठराव चालणार नाही, धर्मादाय आयुक्त कार्यालयाचा कागद आणा. वीरपत्नींची मदत अडकलीय, स्नेहमेळाव्याचा हॉल बुक करायचाय. काय करू? लवकर सांगा.

गारगोटी: नोंदणी कुठली? निवडणूक कधी झाली?

आरमारी: पुण्याची. जुनी आहे हो, त्याचा काय संबंध?

दप्तरदार: सगळा संबंध तिथेच आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय हेतूची संस्था महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातही येते. पदाधिकारी बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती द्यायची. बँक शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय नोंदवहीतल्या संस्थेच्या नोंदीचा उतारा मागते, त्यावर नाव कोणाचं?

मधुकोश: उगाच घाबरवू नका. आमच्या सोसायटीने ठराव दिला, आठवड्यात काम झालं.

दप्तरदार: तुमची गृहनिर्माण सोसायटी ना? तो सहकार कायदा, १९६० चा. इथे लावू नका.

बेळगावी: फक्त अधिकाऱ्यांचीच संघटना का? सुभेदार, हवालदार माजी सैनिक नाहीत?

आरमारी: साहेब, विषय बँकेचा आहे. उताऱ्यावर दिवंगत अध्यक्षांचं नाव आहे. निवडणूक गेल्या जूनमध्ये झाली. मधल्या कार्यकारिणीचा रिपोर्ट कोणी दिलाच नसावा.

गारगोटी: हे पहिल्यांदाच सांगायचं की!

इतिहासवेडा: अमेरिकेत १७८३ साली स्वातंत्र्ययुद्धातल्या अधिकाऱ्यांनी 'सोसायटी ऑफ द सिनसिनाटी' काढली. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. सभासदत्व थोरल्या मुलाकडे जायचं, म्हणून बेंजामिन फ्रँकलिनने टिंगल केली होती. तुमच्यात वारस सभासद चालतात का?

मधुकोश: हे कोणी विचारलं?

दप्तरदार: आरमारी सर, दोन रिपोर्ट लागतील, आधी मधल्या कार्यकारिणीचा, मग तुमचा. दोन्हींसोबत विलंब माफीचा अर्ज. सभेची नोटीस, इतिवृत्त, हजेरी, नव्यांची संमतीपत्रं, अध्यक्षांचा मृत्यू दाखला जोडा. इतिवृत्ताची वही कोणाकडे आहे?

आरमारी: जुन्या खजिनदारांकडे. ते मुलाकडे कॅनडात आहेत.

नाना_सांगलीकर: स्पर्शवर (लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर) हयातीचा दाखला भरला, तरी पेन्शन थांबली. कोणाला माहिती आहे का?

गारगोटी: नाना, वेगळा धागा काढा. आरमारी, खजिनदारांना आजच फोन लावा, वहीचे फोटो तरी मागवा.

आरमारी: लावतो. हॉलचं आगाऊ भाडं तोवर खिशातून भरतो.

दप्तरदार: पावती संघटनेच्या नावाने घ्या, ऑडिटर विचारेल.