वाळीत टाकणे: पंथाचा अंतर्गत मामला की गुन्हा?

मुक्ता:
जातीतून किंवा पंथातून बहिष्कृत करण्यावर मुंबई राज्याने १९४९ साली बंदी घातली. दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथाच्या धर्मगुरूंनी तिला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. धर्माच्या कारणावरून कुणाला बाहेर काढायचे हे पंथाने ठरवावे, असे बहुमत होते. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात होते. मला त्यांचेच पटते. वाळीत पडलेल्या घरी मयत झाली तर खांदा द्यायला कुणी येत नाही, दफनभूमी बंद होते, मुलांची सोयरीक जुळत नाही. यात श्रद्धा किती आणि दहशत किती? इथे सरकारने मध्ये पडलेच पाहिजे.

नाथसागर:
ताई, दहशत मोडायलाच हवी. पण धर्म कुठे संपतो हे मंत्रालयाने ठरवायचे? पंथाचे नियम न मानणाऱ्यालाही आपल्यात ठेवण्याची सक्ती झाली तर पंथ उरतो कशाचा? आणि सरकारे बदलतात. उद्याचे सरकार नीतीच्या नावाखाली कुणाशी लग्न करावे हेही सांगेल. महाराष्ट्र सरकारने २००५ साली डान्सबारवर अशीच बंदी घातली होती. हजारो बायकांचा रोजगार गेला आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली.

मुक्ता:
डान्सबारच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची. तिथे सरकारने सज्ञान बाईवर नीती लादली. इथे लादणारे पंच आहेत. समाजसुधारणेसाठी कायदे करायची मुभा धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मध्येच आहे.

वाडीवरचा:
राज्याने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केलाच की. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पण तक्रार करणाऱ्याला त्याच वाडीत राहायचे असते. पंच आता उघड फर्मान काढत नाहीत. हळदीकुंकवाचे बोलावणे येत नाही, वाटेत भेटलेला माणूस मान वळवतो. हे पोलीस पंचनाम्यात कसे लिहिणार?

नाथसागर:
म्हणूनच म्हणतो, हे काम समाजातल्या माणसांनी आतून करावे.

मुक्ता:
आतून बोलणाऱ्यालाच आधी वाळीत टाकतात, साहेब. निदान आता पोलीस ठाण्यातून "तुमचे जातीचे भांडण तुम्हीच मिटवा" म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोडीचीही सोय या कायद्यात आहे. १९६२ च्या निकालाचा प्रश्न २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. प्रार्थना कशी करावी हे पंथाने खुशाल ठरवावे, पण दफनभूमीचे फाटक बंद करायचा हक्क त्याला नसावा.