मदत हवी आहे: काम भरपूर, पण महिनाअखेरीस खात्यात पैसे नाहीत

लेथवाला_अंबड: नमस्कार. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात माझे छोटे वर्कशॉप असून दोन सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ आणि चार कामगार आहेत. रविवारीही मशिन बंद नसते, तरी २० तारखेला जीएसटी भरण्यासाठी घरातून पैसे आणावे लागतात. तिसरे मशिन घेतले की उलाढाल वाढून हा प्रश्न सुटेल, पण बँक कर्ज देत नाही. कर्ज लवकर कुठे मिळेल, एवढेच कृपया सांगावे.

सातपूरचा_जुना: कर्जाचे नंतर पाहू. मटेरियल तुमचे की ग्राहकाचे, ग्राहक किती आणि पैसे किती दिवसांनी येतात, हे आपण लिहिलेलेच नाही.

लेथवाला_अंबड: मटेरियल माझेच, ग्राहक मुख्यतः एकच. पैसे नेहमीप्रमाणे ९० दिवसांनी, कधी ११० दिवसांनी. बिल महिन्याला साधारण ६ लाखांचे होते.

निफाडकर: जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीचा, म्हणजे केंद्राच्या अनुदानासह कर्जाच्या योजनेचा, अर्ज करावा, उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो. माझ्या मेहुण्याने बेदाण्याचे युनिट त्यातूनच उभारले. आपणही शेतमाल प्रक्रियेचा विचार करावा.

सातपूरचा_जुना: निफाडकर, ती योजना मुळात नव्या युनिटसाठी आहे आणि यांना बेदाणे करायचे नाहीत. लेथवाले, ६ लाखांच्या बिलावर १८ टक्क्यांनी १,०८,००० रुपये कर होतो. स्टीलवर भरलेल्या कराची वजावट घेऊन उरलेली रक्कम, ग्राहकाने दमडी दिलेली नसतानाही, पुढच्या महिन्यात तुम्हालाच भरावी लागते. म्हणजे ग्राहकाला तुम्हीच बिनव्याजी उधार देत आहात आणि तिसरे मशिन आले की ही उधारी तेवढीच वाढेल. मी हीच चूक केली होती. हातात ऑर्डर असताना मशिनखालचे स्क्रॅप गोण्यांत भरून विकले, तेव्हा कुठे विजेचे बिल भरता आले.

हिशेबनीस_कॉलेजरोड: ९० दिवस ‘नेहमीप्रमाणे’ कसे? २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. थकीत पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

सातपूरचा_जुना: तक्रार नोंदवली की पुढच्या सोमवारी तेच ड्रॉइंग, म्हणजे आपले काम, शेजारच्या गाळ्यात पोहोचते. एकाच ग्राहकावर ज्याची चूल पेटते त्याने कायद्याची भाषा कशी बोलावी, हे कायदा सांगत नाही.

हिशेबनीस_कॉलेजरोड: मग तक्रार नको, पत्र द्यावे. मुदत उलटून ३१ मार्चला थकलेली रक्कम ग्राहक कंपनीला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. फेब्रुवारीत उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) क्रमांकासह थकीत बिलांची यादी त्यांच्या अकाउंट्स विभागाकडे गेली, तर मार्चमध्ये पैसे सुटताना मी पाहिले आहे. शिवाय २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे बिले वटवण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेवर, नोंदणी सक्तीची आहे. त्यांनी बिल मान्य केले की बँक थोडी वजावट करून लगेच पैसे देते. आपली उद्यम नोंदणी आहे ना?

लेथवाला_अंबड: आहे. एजंटाने काढून दिली होती. आत्ता उघडून पाहिली, तर त्यात मॅन्युफॅक्चरिंगऐवजी ‘ट्रेडिंग’ लिहिले आहे. त्याने काही बिघडते का?

हिशेबनीस_कॉलेजरोड: सगळेच बिघडते. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी बँकांच्या प्राधान्य कर्जापुरतीच धरली जाते. ४५ दिवसांचे संरक्षण त्यांना नाही. पोर्टलवर दुरुस्ती विनाशुल्क होते, आजच करावी. मात्र जुन्या बिलांसाठी तिच्या भरवशावर राहू नये.

लेथवाला_अंबड: दुरुस्ती आज रात्रीच करतो. यापुढे मटेरियल ग्राहकाकडूनच मागावे का? ते दर पाडतील.

सातपूरचा_जुना: पाडतीलच, कारण बिलातून स्टील वजा होईल. मजुरीचा दर मात्र धरून ठेवा. निम्म्या पार्ट्सपुरते तरी मटेरियल त्यांचे घ्या आणि मोकळ्या झालेल्या पैशांवर सिन्नरकडे दुसरा ग्राहक शोधा. मशिनचे पुढच्या दिवाळीला बोलू.