ट्विन विमानाचे तास कुठल्या मीटरवरून धरायचे? सल्ला हवा

दोनपंखी

नमस्कार मंडळी. नुकतंच पिस्टन इंजिनांचं जुनं ट्विन (दोन इंजिनांचं विमान) घेतलं आहे, स्वतः उडवायला. सहा वर्षांपूर्वी दोन्ही इंजिनं एकाच दिवशी ओव्हरहॉल होऊन बसली. त्याच दिवशी दोन्ही टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारे, थोडक्यात टॅक) आणि तास मोजणारा हॉब्ज मीटरही नवे लागले, म्हणजे तिन्ही शून्यापासून सुरू झाले. काल इंजिनं बंद करून आकडे वहीत उतरवले:

डावा टॅक ६१२.४
उजवा टॅक ६१९.८
हॉब्ज ७४८.९

एकच विमान, उड्डाणंही तीच, मग तीन आकडे कसे? त्यात एअरफ्रेमच्या (इंजिनं सोडून बाकीच्या विमानाच्या) लॉगबुकात सुरुवातीची पानं हॉब्जवरून भरली आहेत आणि मधूनच कुणीतरी टॅकवर गेलं आहे. इंजिनांचा टीबीओ (दोन ओव्हरहॉलमधले तास), ऑइल बदल, तपासण्या हे सगळं तासांवर चालतं, त्यामुळे रात्री डोक्यात हाच हिशोब फिरत असतो. एकच मीटर खरा धरायचा तर कुठला? की नवीन डिजिटल यंत्र बसवू?

धावपट्टी२७

हॉब्ज आणि टॅक यांतला फरक नैसर्गिक आहे, त्याची काळजी नको. हॉब्ज म्हणजे घड्याळच. ऑइल प्रेशर आलं की चालू, गेलं की बंद. मेकॅनिकल टॅकचा आकडा मात्र इंजिनाचे फेरे मोजतो. समजा तो २४०० आरपीएमला (मिनिटाला २४०० फेरे) बांधलेला आहे, तर २४०० वर एका तासाला एक तास पुढे जाईल. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवताना, १००० वर असाल तर तासाभरात जेमतेम २५ मिनिटं. जमिनीवर थांबणं जास्त, तितका फरक जास्त. तुमचा कितीला बांधलाय ते बहुधा मीटरच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं.

पायलटच्या लॉगबुकात मात्र टॅक लिहू नका. तिथे विमान उड्डाणासाठी हललं तेव्हापासून शेवटी थांबेपर्यंतचा वेळ लागतो.

पानेवाला

हँगरमध्ये आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्विनला एकच तास नसतो. एअरफ्रेमचे वेगळे, डाव्या इंजिनाचे वेगळे, उजव्याचे वेगळे, प्रत्येक प्रॉपेलरचे वेगळे. आज सगळे जुळत असतील, पण उद्या एक इंजिन उतरवून दुसरं बसवलं की फाटे फुटले. त्यामुळे ‘खरा मीटर कुठला’ यापेक्षा कुठल्या रकान्याला कुठला मीटर, हे एकदाच ठरवा, लॉगबुकाच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्यानंतर कधीही बदलू नका. तुमच्या नोंदींचं नुकसान मीटरने केलेलं नाही, मधूनच मीटर बदलण्याने केलं आहे.

आता दोन टॅकमधला तो ७.४ तासांचा फरक. दोन्ही प्रॉप एकाच दिशेने फिरत असतील, कॉकपिटमधून बघताना उजवीकडे, तर डावं इंजिन क्रिटिकल, म्हणजे ते बंद पडलं तर विमान सांभाळणं जास्त अवघड. एका इंजिनावर उडायचा सराव करताना बहुतेक वेळा त्याचीच पॉवर खाली ओढतात किंवा ते फेदर करतात (इंजिन बंद करून प्रॉपची पाती वाऱ्याला कडेने धरतात). फेदर झालं की फेरे बंद, टॅकही बंद. आधीच्या मालकाने असा सराव पुष्कळ केला असेल तर उजवा पुढे जाणारच. तो फरक खरा आहे, पुसू नका.

पण खात्री करून घ्या. क्रूझमध्ये, म्हणजे उंची गाठून सरळ उडताना, दोन्ही प्रॉप कानाने सिंक करा. ते घुंऽऽघुंऽऽ हळूहळू लांबत जाऊन थांबलं की दोन्हींचे फेरे सारखे. तासभर तसंच ठेवा आणि दोन्ही आकडे किती सरकले ते बघा. सारखे सरकले तर मीटर निर्दोष. काटे वेगवेगळं दाखवत असतील तरी आकड्यावर शंका घेऊ नका. मेकॅनिकल टॅकमध्ये काटा चुंबकाच्या ओढीने हलतो, आकडा दातेरी चाकांनी. काटा चुकला तरी चाकं बरोबर मोजत राहतात. केबल तुटली तर मात्र दोन्ही मेले.

दोनपंखी

पानेवाला, मनापासून आभार. लॉगबुक पुन्हा चाळलं, आधीच्या मालकाकडे विमान सरावासाठीही जात होतं. एक विचारतो. हॉब्जची वायर फक्त डाव्या इंजिनाच्या ऑइल प्रेशर स्विचला आहे असं दिसलं. मग डावं फेदर असताना हॉब्जही थांबलेला?

पानेवाला

हो! विमान हवेत आणि हॉब्ज झोपलेला. दोन्ही बाजूंचे स्विच समांतर जोडून घ्या, म्हणजे एक जरी इंजिन चालू असलं तरी मीटर चालेल. मास्टर स्विचवर (विमानाच्या विजेच्या मुख्य स्विचवर) मात्र जोडू देऊ नका. रात्रभर मास्टर चालू राहिला तर बॅटरी बसेपर्यंत तास चढत राहतील.

वाऱ्याची_वही

गिअरच्या (चाकांच्या) स्क्वॅट स्विचवर, म्हणजे चाकांवर भार आहे की नाही ते ओळखणाऱ्या स्विचवर, वेगळा मीटर लावा असंही सुचवतात. मग चाकं जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंतचाच वेळ मोजला जातो. एअरफ्रेमच्या देखभालीला खरं तर हाच वेळ लागतो. मी लावला आहे आणि समाधानी आहे. पण गिअर तपासायला विमान जॅकवर चढवलं की त्या मीटरला वाटतं आपण हवेत आहोत. एका वार्षिक तपासणीत माझे ३.२ तास असेच चढले. तेव्हापासून जॅकवर नेण्याआधी त्याचा फ्यूज काढतो आणि आकड्याचा फोटो घेतो.

धावपट्टी२७

डिजिटल इंजिन मॉनिटर घेणार असाल तर आधी त्याचं मॅन्युअल वाचा. काही फेऱ्यांवरून हिशोब करतात, काही ठरावीक आरपीएमच्या वर घड्याळी वेळ मोजतात. ‘टॅक’ हे नाव दोघांनाही असतं. बसवलाच, तर त्या दिवसाचा जुन्या मीटरचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा एकाच ओळीत, सहीनिशी. ही एक ओळ नसली की विकताना घेणारा प्रत्येक तासावर बोट ठेवतो.

पानेवाला

तुम्हाला आत्ता नव्या यंत्राची गरज नाही. एक साधी वही करा. इंजिनं बंद करायच्या आधी पॅनलचा फोटो, मग तारीख, डावा टॅक, उजवा टॅक, हॉब्ज, चाकं जमिनीवरून सुटली ती वेळ, टेकली ती वेळ. बेरीज-वजाबाकी नंतर. ०.१ म्हणजे ६ मिनिटं, ही फोड आतल्या कव्हरवर लिहून ठेवा. दमल्यावर भलेभले १ तास २० मिनिटांना १.२ लिहितात.

जुन्या पानांवर खाडाखोड नको. मीटर बदलला ते पान शोधा, परवानाधारक इंजिनिअरला दाखवा, तो दुरुस्तीची वेगळी नोंद करून सही करेल. पुरावा सापडला नाही तर मोठा आकडा धरा. तास स्वतःहून कमी करायचे नाहीत.

नाकातल्या कम्बशन हीटरला (इंधन जाळून केबिन गरम करणाऱ्या) स्वतःचा तासमीटर आहे का तेही बघा. त्याच्या तपासण्या वेगळ्या असतात आणि ट्विनवाले तोच रकाना विसरतात.

दोनपंखी

आज चाचणी केली. सिंक करून घड्याळाने दीड तास, २३०० आरपीएमवर. दोन्ही टॅक १.४ सरकले. मागे २४०० छापलं आहे, म्हणजे हिशोब जुळला. मीटर बदलला ते पानही सापडलं, एका ऑइल बदलाच्या नोंदीपाशी. सोमवारी इंजिनिअरकडे लॉगबुक घेऊन जातो. हीटरला तासमीटर आहे, पॅनलखाली हात घालून पुसल्यावर दिसला. १८८.० वाचतोय, वहीत त्याचाही रकाना आखला.