मागणीनुसार बांधून मिळणाऱ्या लॅपटॉपबरोबर नको असलेले भाग घेण्याची सक्ती

कोथरूडकर

नमस्कार. माझ्या आधीच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बंद पडला आहे आणि तो बदलण्याचा खर्च परवडणारा नाही. त्यातील डीडीआर५ प्रकारच्या १६ जीबीच्या दोन रॅम आणि २ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान डिस्क) मात्र उत्तम चालतात. म्हणून एका कंपनीच्या संकेतस्थळावर, जिथे प्रोसेसर, पडदा, कीबोर्ड असे एकेक भाग निवडून लॅपटॉप बांधून घेता येतो, तिथे मागणी नोंदवायला घेतली. निवडीच्या यादीत प्रत्येक भागापुढे त्याची किंमत दिलेली आहे, परंतु रॅम किमान १६ जीबी आणि एसएसडी किमान ५१२ जीबी घेतल्याशिवाय पुढच्या पानावर जाताच येत नाही. विंडोज ११ नाकारण्याचीही सोय नाही. मी डेबियन ही लिनक्सवर आधारित मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो, त्यामुळे विंडोजचा मला काहीही उपयोग नाही. दोन वर्षांच्या अँटिव्हायरसवर आधीच खूण केलेली होती, ती मला काढता आली.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके चढले आहेत की नको असलेल्या भागांची ही रक्कम सोडून देण्याजोगी राहिलेली नाही. ग्राहक सेवा केंद्राकडे विचारणा केली असता ‘सिस्टिममध्ये तसा पर्याय नाही’ एवढेच उत्तर मिळाले. या सक्तीमागे काही तांत्रिक कारण आहे का, आणि कायद्याने ती चालते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

स्क्रूड्रायव्हर

लॅपटॉप दुरुस्तीच्या व्यवसायात असल्यामुळे तांत्रिक बाजूपुरते लिहितो.

सर्वांत आधी त्या मॉडेलमधील रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये बसवलेली आहे, हे पाहावे. तपशिलात ‘एलपीडीडीआर५’ किंवा ‘एलपीडीडीआर५एक्स’ असे लिहिले असेल, तर ती जवळजवळ नेहमीच बोर्डवर कायमची जोडलेली असते. तिथे ‘रॅमशिवाय लॅपटॉप द्या’ ही मागणीच संभवत नाही आणि विक्रेत्याला दोष देता येत नाही. ‘सोडिम’ असा उल्लेख असेल, तर मात्र रॅम काढता-घालता येते आणि मग सक्तीचे कारण विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

कंपन्या सहसा चाचणीचे कारण देतात. रॅम नसेल तर यंत्र बायोसच्या (सुरू होताच चालणाऱ्या प्राथमिक प्रोग्रॅमच्या) पडद्यापर्यंतही पोहोचत नाही, हे खरे आहे. परंतु कारखान्यातील रॅम लावून चाचणी घ्यावी आणि ती काढून घेऊन लॅपटॉप पाठवावा, यात अशक्य असे काहीच नाही. एसएसडीची तर चाचणीसाठीही गरज नसते, कारण तपासणीचे प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरूनसुद्धा चालतात. फ्रेमवर्क ही अमेरिकी कंपनी २०२१ पासून रॅम, एसएसडी, ऑपरेटिंग सिस्टिम आणि चार्जर यांच्याशिवाय लॅपटॉप विकत आली आहे. क्लेव्हो या तैवानी उत्पादकाचे लॅपटॉपही रॅम आणि डिस्कविना, ‘बेअरबोन’ स्वरूपात मिळत आले आहेत. तेव्हा अडचण यंत्राची नसून विक्रीच्या पद्धतीची आहे.

विक्रेत्याची एक काळजी मात्र मला रास्त वाटते. ग्राहकाने स्वतःची सदोष रॅम बसवली आणि लॅपटॉप सतत बंद पडू लागला, तर तक्रार शेवटी कंपनीच्याच गळ्यात पडते आणि दोष शोधण्यात सेवा केंद्राचा वेळ जातो. पण त्यावर उपाय वॉरंटीच्या अटींत करता येतो: ग्राहकाने आणलेल्या भागांची आणि त्यांच्यामुळे उद्भवणाऱ्या बिघाडाची जबाबदारी कंपनीवर नाही, असे लिहून घेतले की पुरे. त्यासाठी प्रत्येकाला रॅम विकत घ्यायला लावणे मला मुळीच पटत नाही.

आपल्या भागांविषयी थोडेसे. जुनी रॅम ४८०० वेगाची असेल आणि नवा बोर्ड ५६०० चा असेल, तर ती सहसा ४८०० वेगाने विनातक्रार चालते. एसएसडीची लांबी पाहावी. बहुतेक २२८० (म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब) असतात, पण काही सडपातळ लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० च बसते. दोन्ही बाजूंना चिप असलेली जाड एसएसडीही काही ठिकाणी अडते. वायफाय कार्ड वगळण्याचा पर्याय मिळाला तरी तो घेऊ नये. ते स्वस्त असते आणि अँटेनाच्या बारीक तारा जोडणे हे सवयीचे काम आहे.

चौकस

कायद्याच्या बाजूने पाहता ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील कलम २(४१) आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते असे मला वाटते. एखादी वस्तू वा सेवा हवी असल्यास त्याआधी दुसरी वस्तू वा सेवा घेतलीच पाहिजे अशी अट घालणे, हे त्या कलमात ‘निर्बंधात्मक व्यापारी प्रथा’ म्हणून स्पष्टपणे समाविष्ट केलेले आहे. कंपनी अर्थातच म्हणेल की रॅमसह लॅपटॉप ही एकच वस्तू आहे, दोन नव्हेत. दुकानात तयार मिळणाऱ्या, खोक्यात बंद लॅपटॉपच्या बाबतीत हा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु जी कंपनी स्वतःच्याच संकेतस्थळावर प्रत्येक भाग वेगळा दाखवते, त्याची वेगळी किंमत लावते आणि इतर भागांत निवडीचे स्वातंत्र्य देते, तिला हा युक्तिवाद करणे अवघड जावे. म्हणून किमतींसह ती यादी दिसणाऱ्या पानांची छायाचित्रे आजच काढून ठेवावीत. पुढे पान बदलले तर आपल्या हाती काहीच उरणार नाही.

अँटिव्हायरसचा मुद्दा तर आणखी स्पष्ट आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून गृहीत धरता येत नाही. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत विक्रीच्या १३ फसव्या रचना सांगितल्या असून त्यांत सक्तीने जास्तीची वस्तू घ्यायला लावणे आणि न विचारता टोपलीत वस्तू टाकणे या दोहोंचा समावेश आहे.

आधी कंपनीला ईमेलने लेखी विचारावे की हे भाग वगळून विक्री का होत नाही. ‘सिस्टिममध्ये पर्याय नाही’ हे कारण लेखी आले, तर ते आपल्याच उपयोगाचे आहे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण तिथे पुष्कळ तक्रारी तडजोडीनेच मिटतात. तिथे जमले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि आपण राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. एक मात्र सांभाळावे: लॅपटॉप व्यावसायिक कारणासाठी कंपनीच्या नावे घेतला, तर आपण कायद्याच्या व्याख्येतील ‘ग्राहक’ आहात का, यावरच वाद सुरू होऊ शकतो.

म्युनिकवासी

इकडच्या, म्हणजे युरोपातील, परिस्थितीविषयी लिहितो, कारण इथून दोन्ही बाजूंचे दाखले मिळतात. विंडोज घातलेलाच लॅपटॉप विकणे आणि तेच मॉडेल विंडोजशिवाय न देणे ही पद्धत केवळ तेवढ्यावरून अनुचित ठरत नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये सोनीविरुद्धच्या एका फ्रेंच ग्राहकाच्या प्रकरणात दिला. ग्राहकाला खरेदीपूर्वी पुरेशी माहिती दिली होती, ही बाब त्यात महत्त्वाची ठरली. याउलट चार्जरच्या बाबतीत युरोपीय संघाने कायदाच केला. त्यानुसार चार्जरसह उपकरण विकणाऱ्याने ते चार्जरशिवायही उपलब्ध करून द्यावे लागते. मोबाइलना हा नियम २०२४ च्या डिसेंबरअखेरीस लागू झाला आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. कपाटांत साठणाऱ्या निरुपयोगी चार्जरचा ई-कचरा कमी व्हावा हा त्यामागील हेतू होता, आणि रॅम व एसएसडीला तो तितकाच लागू पडतो असे मला मनापासून वाटते.

कोथरूडकर

सर्वांचे आभार. तपशील पाहिला, रॅम सोडिमच आहे, दोन स्लॉट आहेत, आणि एसएसडी २२८० लांबीची चालते. कंपनीला ईमेल पाठवला आहे. विंडोज न स्वीकारता त्याचे पैसे परत मागता येतात असे ऐकले आहे, ते खरे आहे का?

चौकस

विंडोजच्या परवान्यातच लिहिलेले असते की अटी मान्य नसतील तर वापर सुरू करू नये आणि परताव्यासाठी लॅपटॉपच्या उत्पादकाचे धोरण विचारावे. मात्र ते धोरण केवळ सॉफ्टवेअरपुरते असेल की संपूर्ण लॅपटॉप परत करण्याचे, हे उत्पादक ठरवतो. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वीच हा प्रश्न त्या ईमेलमध्ये जोडावा. लॅपटॉप आल्यावर अटींच्या पानावर ‘मान्य’ दाबले, तर परताव्याचा आधारच जातो.

स्क्रूड्रायव्हर

कंपनीने नकार दिला आणि तरीही तेच मॉडेल हवे असेल, तर एकाच १६ जीबी रॅमचा पर्याय निवडावा, ८ च्या दोन घेऊ नयेत. एकटी १६ ची पुढे विकताना लवकर जाते. पण वॉरंटी संपेपर्यंत ती विकू नये असा माझा सल्ला आहे. सेवा केंद्रात लॅपटॉप देताना मूळ रॅम आणि मूळ एसएसडी बसवून दिली, तर बिघाड आपल्या भागांमुळे झाल्याचे कोणी म्हणू शकत नाही आणि आपला डेटाही घरीच राहतो.