सोलापुरातली आर्किटेक्टांची संघटना पुन्हा उभी करायची आहे: आधी कागदपत्रं की आधी साइट?

होटगीरोड_आर्किटेक्ट

नमस्कार मंडळी. सोळा वर्षं सोलापुरात प्रॅक्टिस करते आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण ही गोष्ट मनातून जात नाही.

मार्चमध्ये जुळे सोलापुरात एका बंगल्याच्या स्लॅबचं स्टील तपासायला ऑफिसातल्या मुलाला पाठवलं होतं. पाच वर्षांचं बी.आर्क. झालेलं, ड्रॉइंगचा हात सुरेख. "सगळं बरोबर आहे मॅडम" म्हणाला. संध्याकाळी मी स्वतः चक्कर मारली, तर साडेचार फुटी बाल्कनीच्या मुख्य सळया खालच्या बाजूला, कव्हर ब्लॉकवर (सळईखालच्या छोट्या ठोकळ्यांवर) अगदी नीट बसवलेल्या. बाल्कनीत ताण वरच्या बाजूला येतो, सळई वरच हवी. सकाळी स्लॅब भरायचा होता. सळया बांधणाऱ्या फिटरला बोलावून रात्री नऊपर्यंत सगळं सोडवून पुन्हा बांधून घेतलं.

मुलाला रागावले नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं कॅन्टिलिव्हरची, म्हणजे एकाच टोकाला आधार असलेल्या भागाची, बेंडिंग मोमेंटची (वाकण्याचा जोर कुठे किती ते दाखवणारी) आकृती कागदावर अचूक काढून दाखवली. कागदावरची ती रेघ म्हणजेच सेंट्रिंगवरची सळई, हे त्याला सळईपाशी उभं करून कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि तो आठ महिने माझ्याकडे होता. याचं मला फार वाईट वाटलं.

आपल्याकडे आर्किटेक्टांची एक जुनी नोंदणीकृत संघटना आहे. सभासदांची यादी मागवली तर ७१ नावं, त्यातले काही आता हयात नाहीत. निवडणूक होऊन अकरा वर्षं झाली. एक कपाट, एक मुदत ठेव, आणि वर्षातून एकदा एखाद्या टाइल्स कंपनीचं सादरीकरण आणि जेवण.

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सची सुरुवात १९१७ साली मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या माजी विद्यार्थ्यांनी केली. तेव्हा तिचं नाव आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन होतं. गेटवे ऑफ इंडियाचं डिझाइन ज्यांनी केलं ते जॉर्ज विटेट पहिले अध्यक्ष. आजचं नाव १९२९ मध्ये आलं. हे वाचल्यापासून वाटतंय की आपणही पोरांपासूनच सुरुवात करावी. महिन्यातले दोन शनिवार, चालू साइटवर, जे काम त्या दिवशी असेल तेच शिकायचं.

विचारायचं हे की आधी संघटना कायद्यानं रुळावर आणू, की शनिवार सुरू करून टाकू? आणि शिकवणार कोण?

निवृत्त_स्ट्रक्चरल

ताई, बाल्कनीचं वाचून पोटात गोळा आला. अशी एक पडलेली मी पाहिली आहे.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पस्तिशीत होतो. आठवड्याभरात तिकडे गेलो. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर धाब्याचा मातीचा भार. भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधणारा आरपार दगडच कुठे नव्हता, त्यामुळे थर सुटून माणसांवर आले. परतल्यावर वर्षभर आम्ही गवंड्यांना आणि नव्या इंजिनियरांना बसवून हेच दाखवत होतो. नंतर ते थांबलं, आणि ते थांबू दिलं ही आमच्या पिढीची चूक आहे.

पहिला शनिवार मातीला द्या. आपल्याकडची काळी माती पाण्यानं फुगते हे पोरांना तोंडपाठ असतं, पण फुगताना कुणी पाहिलेली नसते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली कोरडी माती, दहा-दहा ग्रॅम, १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत घाला. एकीत रॉकेल, दुसरीत शुद्ध पाणी. चोवीस तास ठेवा. रॉकेलमधली तेवढीच राहते, पाण्यातली चढते. ते एकदा बघितलं की मुरुमाचा भराव कशाला आणि पाया किती खोल, हे पुन्हा सांगावं लागत नाही.

दुसरा क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट भरल्यावर ते ओलं ठेवण्याला. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक उष्ण कोरड्या हवेत किमान दहा दिवस सांगतं. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथे मे महिन्यात ते दहा दिवस कसे निभवायचे? बारदान किती, स्लॅबवर पाणी साठवायला आळी कशी बांधायची, टँकर कधी? हे कुठल्याही पेपरात विचारत नाहीत.

मी येतो. गुडघे दुखतात, पण शिडी चढता येते.

सात_रस्ता_वकील

कायद्याच्या बाजूचं सांगतो. संस्था पब्लिक ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर कार्यकारिणी बदलल्यापासून ९० दिवसांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) द्यावा लागतो. धर्मादाय कार्यालयातून नोंदीचा उतारा आणि घटनेची प्रत आधी काढा. घटनेत गणपूर्ती किती आणि नोटीस किती दिवसांची, ते बघा. मागचे चेंज रिपोर्ट राहिले असतील तर विलंब माफीच्या अर्जासह द्या. जुनी मंडळी सभाच बोलवेनात तर कलम ४१अ खाली निर्देश मागता येतात, पण ती वेळ येऊ देऊ नका. घरी जाऊन भेटा. बहुतेक जण सही करतात, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

याला महिने लागतील. साइटवर जाऊन शिकायला मात्र कुठल्या नोंदणीची गरज नाही.

सेंट्रिंगवाला_अक्कलकोट_रोड

मॅडम, मी ठेकेदार आहे, शिक्षण दहावी. माझ्या साइटवर या. फक्त स्लॅबच्या दिवशी पोरांना आणू नका. त्या दिवशी मिक्सर चालू, माणसं धावपळीत, कुणाला बोलायला वेळ नसतो. आदल्या दिवशी दुपारी आणा. स्टील उघडं असतं, चूक सापडली तर नुसती बांधणीची तार कापावी लागते.

शिकवणार कोण म्हणता, तर आमचे फिटर आणि गवंडी. पण त्यांची त्या वेळची हजेरी, म्हणजे मजुरी, द्या, आणि चहा पोरांच्या बरोबरीनं बसून. माझा मुख्य फिटर कन्नड बोलतो, गवंडी तेलुगू. पोरांनी ओळंबा, गुण्या स्वतः हातात धरावा. ३-४-५ मापांच्या त्रिकोणानं काटकोन काढून एक खोली लाइनआउट करू दे, म्हणजे जमिनीवर आखू दे. हेल्मेट आणि बूट त्यांचे त्यांनी आणावेत, आणि मालकाची परवानगी तुम्ही लेखी घ्या.

पूर्वभाग_२०२३

मी दोन वर्षांपूर्वी पास झाले. खरं सांगते, साइटवर प्रश्न विचारायची भीती वाटते. विचारलं की मिस्त्री सरांकडे बघतो आणि सर घड्याळाकडे. मुलगी असले की आणखीच. न घाबरता विचारता येईल अशी एक दुपार मिळाली तर मी आणि माझ्या वर्गातले चौघं नक्की येऊ. फी ठेवली तरी चालेल, कमी ठेवा.

होटगीरोड_आर्किटेक्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, मोजनळ्या मी आणते, चाळणीची सोय तुम्ही करा. वकील साहेब, उताऱ्यासाठी सोमवारी अर्ज टाकते, आणि जुन्या अध्यक्षांकडे रविवारी जाऊन येते. त्यांच्याकडेच मी पहिली नोकरी केली होती. सेंट्रिंगवाले दादा, पुढचा स्लॅब कधी भरताय ते कळवा, आदल्या दुपारी चार वाजता पोहोचतो. हजेरीचे पैसे सध्या माझ्या ऑफिसातून देईन, ठेवीला हात लावायचा की नाही ते सभा ठरवेल.

पूर्वभाग, तुम्ही पाच जण आणि माझ्याकडचा तो मुलगा मिळून सहा झाले. बाल्कनी असलेली साइट आधी घेऊ. सळई कुठे हवी ते त्यालाच सांगू दे.