मदत हवी आहे: गावात पर्यटक यावेत म्हणून ग्रामपंचायतीनं आधी काय करावं? (जि. कोल्हापूर)

फाट्यावरचा:

नमस्कार मंडळी. वाचत बरेच दिवस असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पन्हाळा तालुक्यात, कळे-बाजारभोगाव पट्ट्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जे भांडण सांगणार आहे त्यातली निम्मी माणसं माझ्या भावकीतली आहेत. गावाच्या वर सडा (कातळाचं पठार) आहे, सड्यावरून पावसाळ्यात एक धबधबा पडतो, आणि ओढ्याच्या काठाला महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. बाकी ऊस, भात आणि म्हशी.

दोन-तीन वर्षांपूर्वी कुणीतरी धबधब्याचं रील टाकलं आणि लोक यायला लागले. आता सरपंचांनी मनावर घेतलंय की गाव 'पर्यटन गाव' करायचं. ग्रामनिधीतून दीड लाख काढायची तयारी आहे. त्यांची यादी अशी: फाट्यावर स्वागत कमान, धबधब्यासमोर 'आय लव्ह' लिहिलेला सेल्फी पॉइंट, आणि ड्रोनचा व्हिडिओ. व्हिडिओवाला कोल्हापूरचा आहे, त्यानं दर सांगितलाय.

मी ग्रामसभेत विरोध केला. त्यावर "तुला गावाचा विकास नको" म्हणून ऐकून घेतलं. चुलत्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "शिकलेल्या माणसाला गावात ठेवू नये." विकास मलाही हवाय ओ. पण आत्ता येतात ती माणसं बघा.

आषाढातल्या एका रविवारी मी वही घेऊन फाट्यावर बसलो. कोण येतं, किती वाजता येतं, काय घेतं, एवढंच लिहायचं होतं. सकाळी अकरापर्यंत घरची माणसं: नवरा-बायको, पोरं, एखादी म्हातारी. तासाभरात परत. दोघी-तिघींनी विचारलं, "इथं बाथरूम कुठं आहे?" मी शाळेकडं बोट दाखवलं, तर शाळेला कुलूप. अकरानंतर पोरांच्या गाड्या सुरू. सायलेन्सर काढलेल्या. खाणं-पिणं सगळं घरून किंवा हायवेवरून आणलेलं. संध्याकाळी आम्ही चौघांनी ओढ्यातून तीन पोती बाटल्या गोळा केल्या. दिवसभरात गावात खर्च झालेले पैसे म्हणजे किराणा दुकानातले वेफर्स, आणि एका पंक्चरचे.

म्हणजे खर्च करणारी माणसं तासात परत जातात आणि राहणारी माणसं खर्च करत नाहीत. कमान बघून यात काय फरक पडणार ते मला कळत नाही.

अजून एक गंमत. मोबाईलच्या नकाशावर धबधब्याचा पिन चुकीच्या जागी पडलाय. तो माणसाला थेट आमच्या काकूंच्या गोठ्यात आणून सोडतो. दर रविवारी पाच-सहा गाड्या. काकू शेण काढता काढता हात धुऊन बाहेर येतात, रस्ता सांगतात, लहान पोर असलं तर चहा-दूध देतात. पुण्याच्या एका कुटुंबानं तर तिथंच बसून भाकरी-खर्डा खाल्ला आणि धबधबा न बघताच गेले. जाताना म्हणाले, छान जागा आहे.

तर माझे प्रश्न:

ग्रामपंचायतीला या कामासाठी स्वतःच्या निधीशिवाय कुठून पैसे मिळतात? 'क' वर्ग पर्यटनस्थळ वगैरे ऐकलंय, पण भाऊसाहेबांना (ग्रामसेवक; आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) विचारलं तर ते "बघू" म्हणतात.

धबधबा वनखात्याच्या हद्दीत, देवळाची जमीन गावठाणात, वाट तिघांच्या शेतातून. तिकीट लावायचं तर कुणी लावायचं?

आणि मुख्य म्हणजे, दीड लाखच असतील तर पहिलं काय करावं? पुढची ग्रामसभा पंधरा दिवसांवर आहे.

---

रंकाळ्यावरचा:

एकच सल्ला. नका आणू पर्यटक. 2024 च्या जूनमध्ये लोणावळ्यात भुशी धरणाच्या तिथं एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली, ती बातमी आठवत असेल. तुमच्या धबधब्याला कठडा आहे का? दोरी आहे का? पोहता येणारं माणूस आहे का? पाणी वाढलं तर कुणी सांगायचं? उद्या काही झालं तर जिल्हाधिकारी बंदी घालतील, कमान तेवढी शिल्लक राहील.

---

तीन_दरवाजा:

@रंकाळ्यावरचा, नका आणू म्हणून कोण थांबतंय? ते आलेत की.

मी पन्हाळ्याचा. आमच्याकडं गिरिस्थान नगरपरिषद आहे, गडावर चढतानाच नाक्यावर प्रवासी कर घेतात. गाव लहान, पण नाका एकच आणि वाट एकच, त्यामुळं जमतं. तुमच्या गावाला चार बाजूंनी वाटा असतील तर नाका लावून तुम्ही नुसते भांडत बसाल.

जुलै 2025 मध्ये पन्हाळा बाकीच्या अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता बाहेरचा माणूस गडावर येतोच. सज्जाकोठी, अंबरखाना, तीन दरवाजा बघतो, झुणका-भाकर खातो, जोतिबा करतो आणि रात्री कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्यावर बसतो. त्याला दुसऱ्या दिवशी काय करायचं ते माहीत नसतं. तुमचं गिऱ्हाईक हे. ड्रोनच्या पैशात एक साधं पत्रक छापा, त्यावर रस्त्याचा नकाशा आणि एक फोन नंबर, आणि गडावरच्या झुणका-भाकरवाल्या मावशींकडं शंभर-शंभर ठेवा.

आणि पन्हाळा-पावनखिंड मोहिमेतली पोरं जुलैत चिखल तुडवत मसाई पठारावरून जातात. वाटेतल्या वाड्यांवर मुक्काम पडतो. तिथं कुठली कमान आहे? कोरडी जमीन, गरम भात आणि मायेनं विचारणारं माणूस, एवढ्यावर लोक वर्षानुवर्षं येतात.

---

शिरोळची:

दादा, तुमच्या वहीतलं "बाथरूम कुठं आहे" हेच तुमचं उत्तर आहे. आम्ही बायका फिरायला निघालो की सकाळपासून पाणी पीत नाही, हे पुरुषांच्या ग्रामसभेत कुणी बोलत नाही. आमच्या तालुक्यात खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे, 48 खांबांचा स्वर्गमंडप, वर गोल आभाळ मोकळं. पाहुण्यांना घेऊन गेले की मी आधी वेळ बघते, परतायला किती लागेल ते बघते, मग शिल्प बघते.

पैशांचं म्हणाल तर स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात (मुदत मार्च 2026 पर्यंतची) सार्वजनिक शौचालयाला 3 लाखांपर्यंत धरलेत. 70 टक्के मिशनचे, 30 टक्के ग्रामपंचायतीनं वित्त आयोगातून घालायचे. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो, तो कमानीला वापरता येत नाही, हेही सरपंचांच्या कानावर घाला. मात्र बांधून कुलूप लावायचं नाही. किल्ली आणि झाडलोट बचत गटाकडं द्या, पाच-दहा रुपये घेऊ देत.

तुमच्या काकूंसारख्या बायकांसाठी राज्याचं 'आई' धोरण आहे, 2023 चं. पर्यटन व्यवसायासाठी बाईच्या नावावर 15 लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर व्याज शासन भरतं, त्याला मर्यादा आहेत. पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी लागते. लगेच कर्ज काढा म्हणत नाही मी. आधी दोन खोल्यांत चार पाहुणे उतरवून बघा, जमतंय का.

---

जुना_लेखनिक:

जिल्हा परिषदेत होतो, आता निवृत्त. थोडक्यात सांगतो.

'क' वर्ग हा दर्जा जिल्हा नियोजन समिती देते. ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा, येणाऱ्या लोकांची नोंद आणि फोटो जोडून प्रस्ताव पंचायत समितीमार्फत वर पाठवायचा. तुमची ती वही फेकू नका, नोंद म्हणजे तेच. देवळासाठी वेगळा प्रस्ताव करा, तीर्थक्षेत्राची वाट वेगळी असते. बहुतेक प्रस्ताव अडतात ते उताऱ्यावर. सातबाऱ्यावर तिसऱ्याचं नाव आणि कागदावर ग्रामपंचायतीचं शौचालय, असं दिसलं की फाईल परत.

धबधब्याला ग्रामपंचायतीनं तिकीट लावू नये, जमीन वनखात्याची आहे. वनक्षेत्रपालांना भेटा आणि गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे का बघा. नसेल तर करा. साताऱ्याकडं कास पठारावर हीच पद्धत आहे: आसपासच्या गावांची समिती शुल्क घेते, फुलांच्या हंगामात दिवसाला 3000 माणसांची मर्यादा ठेवलीय, आणि राखण करायला गावचीच पोरं. वनखात्याच्या भाषेत त्याला उपद्रव शुल्क म्हणतात. नाव वाचून हसू येईल, पण तुमच्या तीन पोत्यांना तेच नाव शोभतं.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या हद्दीत यात्रेकरूंवर कर बसवता येतो, 1958 च्या अधिनियमातल्या कलम 124 मध्ये तरतूद आहे. पण पहिल्या वर्षी नको. आधी काहीतरी द्या, मग मागा.

---

काकवी:

सगळे पावसाळ्याचंच बोलायला लागलेत. भावा, तुझ्या पट्ट्यात गुऱ्हाळं चालू आहेत की बंद पडली? दिवाळीनंतर चालू होतात तेव्हा धबधबा आटलेला आणि हुल्लडबाज पोरं गायब असतात. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. शहरातल्या पोरानं काहील (रस आटवायची मोठी कढई) उकळताना कधी बघितलेली नसते. चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस, वर येणारी मळी काढणारा, आणि गुळव्यानं पाक बोटावर घेऊन "उतरवा" म्हटल्यावर सगळ्यांची उडालेली धावपळ. अर्धा तास माणूस जागचा हलत नाही. मग द्रोणात गरम काकवी, शेंगदाणे. जाताना दोन किलो गूळ घेऊन जातोच.

तारखाही धर. अंबाबाईचा किरणोत्सव 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. सूर्य मावळताना देवीवर किरणं पडतात, म्हणजे बाहेरून आलेला माणूस सकाळी मोकळाच असतो.

फक्त गुळव्याला आधी विचार. त्याच्या कामात माणसं आडवी आली तर तो उलथणं घेऊन मागं लागेल.

---

फाट्यावरचा:

सगळ्यांचे आभार. लेखनिकसाहेबांचं उताऱ्याचं बरोबर निघालं. देवळापुढच्या मोकळ्या जागेवर आम्ही शौचालय धरलं होतं, तिच्या सातबाऱ्यावर मुंबईला असलेल्या तिघा भावांची नावं आहेत. आता शाळेशेजारची जागा बघतोय, तिचा उतारा स्वच्छ आहे.

वनक्षेत्रपालांना भेटलो. समिती गावात आहे म्हणे, पण शेवटची बैठक कधी झाली ते समितीलाच आठवत नाही. अध्यक्ष माझे तेच चुलते. आता कसं बोलायचं त्यांच्याशी ते बघतो. तिकिटाचे पैसे समितीकडं येणार हे कळलं तर कदाचित शिकलेला माणूस गावात चालेल.

कमान मात्र हटत नाहीय. सरपंचांना मधली वाट सुचवली: लोखंडी कमानीऐवजी फाट्यावर एक फलक, त्यावर बाण, शौचालय कुठं, गाडी कुठं लावायची, धबधब्यात कुठपर्यंत उतरायचं आणि कुणाच्या घरी जेवण मिळतं. "त्यावर माझा फोटो?" म्हणाले. मी म्हटलं, लहान. विचार करतो म्हणालेत.

एका गोष्टीवर अजून मदत हवीय. नकाशावरचा पिन मी दुरुस्त करायला बसलो होतो. काकू म्हणाल्या, "थांब की जरा." परवाच्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा चहाचे पैसे घेतले, वीस रुपये, आणि भाकरीची दोन ताटं लावली. तर पिन धबधब्यावर नेऊन काकूंच्या घराचा वेगळा टाकायचा झाला, तर तो कसा टाकतात? नाव काय द्यायचं तेही त्यांनी ठरवलंय. 'गोठा' हा शब्द त्यात नको म्हणाल्यात.